ज्याची त्याची रांग : एका उलट्या निरोपाने शिकवलेला धडा



आपण इथे नेहमी भाषा, गणित, परिसर अभ्यास यांचे पाठ वाचतो. आज जरा वेगळा विषय घेते आहे. विषय संगणकाचा आहे, पण घाबरू नका. मी काही संगणकाची तज्ज्ञ नाही. डी.एड. झालं, एमएस-सीआयटी झालं, एवढंच. पण माझ्या हौसेपायी एका आईला शेतातून शाळेपर्यंत दीड किलोमीटर पळत यावं लागलं. ते का झालं हे समजून घेताना जे शिकले, ते तुमच्यासमोर मांडते. शेवटी वर्गात घेण्यासारखा एक उपक्रमही दिला आहे.

काय घडलं?

आमच्या शाळेतली बरीच मुलं वस्त्यांवरून चालत येतात. काही मुलांची वाट पाटाच्या कडेने आहे. पाटाला पाणी सुटलं की आम्हा शिक्षकांच्याही जिवाला घोर असतो. मूल घरून निघालं पण शाळेत पोहोचलं नाही, हे पालकांना लगेच कळावं म्हणून मी एक छोटी सोय करायची ठरवली. मी मोबाइलवर हजेरी भरायची आणि पालकांना आपोआप एसएमएस जायचा. माझा मावसभाऊ पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. त्याने दोन रविवार बसून ते करून दिलं.

तीन आठवडे छान चाललं. मग डिसेंबरातली ती सकाळ आली. परिपाठ झाला, मी १०:५० ला हजेरी पाठवली. तिसरीतला एक मुलगा आला नव्हता. दोनच मिनिटांत तो दारात उभा. वाटेत चपलेचा अंगठा तुटला म्हणून हातात चप्पल घेऊन आला होता. मी लगेच हजेरी दुरुस्त केली आणि शिकवायला लागले.

साडेअकराच्या सुमाराला त्याची आई धापा टाकत वर्गात शिरली. कांदा लागणीला गेली होती, हातापायाला चिखल तसाच. पोराला बाकावर बसलेलं पाहिलं आणि ती दारातच खाली बसली. बोलताच येईना. पाणी दिल्यावर तिने पदराला बांधलेला फोन काढून माझ्यापुढे धरला.

फोनवर दोन एसएमएस होते. पहिला १०:५३ चा : ‘तुमचा पाल्य आज शाळेत हजर आहे.’ दुसरा १०:५५ चा : ‘तुमचा पाल्य आज शाळेत गैरहजर आहे.’

“मॅडम, आला होता म्हणं, मग गेला कुठं? पाटाला पाणी हाय,” ती एवढंच म्हणाली.

मी पाठवलेल्या दोन्ही नोंदी त्या त्या क्षणी खऱ्या होत्या. आधी गैरहजर, मग हजर. पण तिच्यापर्यंत त्या उलट्या क्रमाने पोहोचल्या आणि अर्थ असा झाला की मुलगा शाळेत येऊन निघून गेला. शब्द एकही चुकला नव्हता, चुकला होता फक्त क्रम.

त्या दिवशी मी ती सोय बंद केली आणि रात्री भावाला फोन लावला.

तासिका तत्त्वावरचे कामगार

“ताई, चूक माझी आहे,” तो म्हणाला. “मी क्रमाचा विचारच केला नव्हता.” मग त्याने समजावलं. त्याचे शब्द जड होते, म्हणून मी आपल्या शाळेतल्या उदाहरणांनी सांगते.

आमची सोय ‘सर्व्हरलेस’ पद्धतीने चालत होती. नावावरून वाटतं की यात सर्व्हर नसतोच. तसं नाही, सर्व्हर असतो, पण तो आपण सांभाळत नाही. आपण फक्त एक छोटं काम लिहून ठेवतो, त्याला फंक्शन म्हणतात. काम आलं की सेवा देणारी कंपनी ते चालवते आणि जेवढं चाललं तेवढ्याचे पैसे घेते. अ‍ॅमेझॉनने २०१४ मध्ये ‘लॅम्डा’ नावाने अशी सेवा जाहीर केली, मायक्रोसॉफ्टची ‘अ‍ॅझ्युअर फंक्शन्स’ २०१६ मध्ये आली.

आपल्याला हे सहज कळेल, कारण आपल्याकडे तासिका तत्त्वावरचे शिक्षक असतात. तास असेल तेव्हा यायचं, झालेल्या तासांचं मानधन घ्यायचं. तास जास्त असले तर एकाऐवजी चार जणांना बोलवायचं. पण रोज वेगळे शिक्षक आले तर काल कुठपर्यंत शिकवलं ते आजच्याला ठाऊक नसतं. फंक्शनचंही तसंच आहे. आधीचं काम त्याच्या लक्षात आहे असं धरून चालता येत नाही. प्रत्येक वेळी कोरी पाटी.

आता निरोप. हजेरी भरली की प्रत्येक मुलामागे एक निरोप एका रांगेत जाऊन पडतो. तिथून एकेक कामगार, म्हणजे फंक्शनची एकेक प्रत, पुढचा निरोप उचलते. उचललेला निरोप लगेच रांगेतून पुसला जात नाही. तो काही वेळापुरता कुलूपबंद होतो, म्हणजे दुसरा कुणी तो उचलू शकत नाही. काम झालं की कामगार ‘झालं’ म्हणतो आणि मग निरोप रांगेतून जातो. काम फसलं किंवा कुलपाची मुदत संपली, तर निरोप पुन्हा रांगेत येतो. ही सोय चांगलीच आहे, नाहीतर निरोप वाटेत हरवले असते.

आमच्याकडे झालं ते असं. ‘गैरहजर’ हा निरोप पहिल्या कामगाराने उचलला आणि एसएमएस पाठवायला दिला, पण पलीकडून उत्तरच येईना. तो थांबून राहिला. तेवढ्यात ‘हजर’ हा निरोप दुसऱ्या कामगाराने उचलला आणि त्याचं काम पटकन झालं. पहिल्याची मुदत संपली, निरोप परत रांगेत आला. तिसऱ्या कामगाराने तो उचलला आणि इमानेइतबारे पाठवून दिला. तीनही कामगारांनी आपापलं काम चोख केलं. पण हे दोन निरोप एकाच मुलाचे आहेत आणि यांना मागंपुढं आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं.

मग एकच कामगार का ठेवू नये?

मी हेच विचारलं. एकच कामगार ठेव, तो एकामागून एक निरोप पाठवेल, क्रम चुकणारच नाही.

“चालेल की,” भाऊ म्हणाला, “पण एका निरोपाला ३ सेकंद लागले तर १०० निरोपांना ३०० सेकंद, म्हणजे ५ मिनिटं. आणि पहिलाच अडकला तर मागचे ९९ जण ताटकळत. तुला चालेल?”

चालणार नव्हतं. खरं सांगायचं तर हे आपण रोज वर्गात पाहतो. तीस जणांच्या वह्या एकाच रांगेत तपासायला घेतल्या आणि पुढच्याचं गणित अडलं, की मागचे सगळे उभे. मग ढकलाढकली, मग भांडणं.

पण त्या वह्यांमध्येच उत्तर आहे. एका मुलाच्या वहीतली पानं क्रमानेच तपासायला हवीत. पाचवं पान आधी आणि चौथं नंतर तपासलं तर त्याने चूक सुधारली की नव्याने केली तेच कळणार नाही. पण या मुलाची वही आधी की त्या मुलाची, याने काय फरक पडतो? काहीच नाही. चार शिक्षक चार वह्या घेऊन बसले तरी चालतं. नियम एकच : एक वही एका वेळी एकाच शिक्षकाच्या हातात.

संगणकाच्या रांगेतल्या ‘सेशन’ची कल्पना नेमकी हीच आहे.

सेशन म्हणजे ज्याची त्याची वही

मायक्रोसॉफ्टच्या ‘अ‍ॅझ्युअर सर्व्हिस बस’ या रांगेत प्रत्येक निरोपावर एक खूण लिहिता येते, तिला सेशन आयडी म्हणतात. एकच खूण असलेले सगळे निरोप म्हणजे एक सेशन, आपली एक वही. कामगार सुटा निरोप उचलत नाही, अख्खं सेशन हातात घेतो. ते त्याच्याकडे असेपर्यंत त्यातला एकही निरोप दुसऱ्याला मिळत नाही. त्यातले निरोप त्याला आले त्या क्रमानेच मिळतात. एखादा फसला तर तोच पुन्हा पुढे येतो, मागचा त्याला ओलांडून जात नाही. दुसरे कामगार तोवर दुसरी सेशन्स घेऊन आपापलं काम करत असतात.

अ‍ॅमेझॉनच्या ‘एसक्यूएस’ रांगेतही अशी सोय आहे. तिथे क्रम पाळणारी ‘फिफो’ रांग २०१६ मध्ये आली, त्या खुणेला तिथे मेसेज ग्रुप आयडी म्हणतात. लॅम्डा फंक्शन अशा रांगेला थेट जोडण्याची सोय २०१९ मध्ये झाली.

काही बारकावे भावाने मला वहीत लिहून घ्यायला लावले. हौशी शिक्षकांच्या उपयोगी पडतील म्हणून देते. सर्व्हिस बसमध्ये रांग तयार करतानाच ती सेशनची आहे असं सांगावं लागतं, नंतर बदलता येत नाही, नवी रांगच करावी लागते. सगळ्यात स्वस्त बेसिक श्रेणीत सेशन मिळत नाही. सेशनच्या रांगेत खूण न लिहिलेला निरोप घातला तर तो स्वीकारलाच जात नाही. फंक्शनलाही ‘ही सेशनची रांग आहे’ असं सांगावं लागतं. सध्याच्या जोडणीत फंक्शनची एक प्रत एका वेळी ८ सेशन्स हाताळते आणि हा आकडा बदलता येतो.

यातली अवघड गोष्ट तंत्र नव्हे. अवघड आहे ते खूण कशाची लावायची हे ठरवणं. तिथे भावाला माझी गरज पडली.

खूण कशाची?

आम्ही आधी इयत्तेची खूण लावून पाहिली. पहिली एक सेशन, दुसरी एक सेशन, असं. चाचणीतच फसलं. तिसरीतल्या एका पालकाचा मोबाइल नंबर मी ९ अंकी भरला होता. तो निरोप जाईच ना. पुन्हा पुन्हा प्रयत्न, आणि तिसरीचे बाकीचे सगळे निरोप त्याच्यामागे खोळंबलेले. एकाच्या चुकीने वर्ग थांबला.

मग प्रत्येक मुलाची वेगळी खूण लावली, जनरल रजिस्टरचा क्रमांक. हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो, रजिस्टरचा बदलत नाही. आता एका मुलाचा निरोप अडकला तर तेवढाच अडकतो.

त्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली, भावाच्या नाही. पालक नंबर बदलतात. ‘नंबर बदलला’ हाही त्या मुलाचाच निरोप आहे. तो वेगळ्या रांगेत टाकला तर पुढची ‘गैरहजर’ची नोंद जुन्या नंबरवर जाऊ शकते. म्हणून मुलाशी संबंधित प्रत्येक निरोपावर तीच खूण.

आता तो ९ अंकी नंबर. न जाणाऱ्या निरोपाचं काय करायचं? टपाल खात्यात पत्ता न सापडलेली पत्रं बाजूला काढून ठेवतात, तशी इथे ‘डेड लेटर’ नावाची बाजूची रांग असते. सर्व्हिस बसमध्ये काही बदललं नसेल तर १० प्रयत्न फसल्यावर निरोप तिकडे जातो आणि मागच्याला वाट मोकळी होते. पण इथे विचार करायला हवा. मधला एक निरोप बाजूला काढून पुढचे पाठवले, तर क्रम राहिला, पण मध्ये खड्डा पडला. हजेरीत चालून जातं, कारण पालकाला शेवटची स्थिती कळली की पुरे. पैशांच्या हिशोबात चालणार नाही. जमा न होताच खर्च पडेल. त्यामुळे बाजूची रांग रोज कुणीतरी उघडून पाहायलाच हवी. आमच्याकडे ते काम माझं, दुपारच्या सुट्टीत.

सेशनने न सुटणाऱ्या गोष्टी

सेशन लावलं म्हणजे सगळं सुटलं, असं मला वाटलं होतं. तीन गोष्टी उरल्याच.

एक, तोच निरोप दोनदा येऊ शकतो. कामगाराने एसएमएस पाठवला, पण ‘झालं’ म्हणायच्या आत तो बंद पडला, तर रांगेला वाटतं काम राहिलं. म्हणून काम असं असावं की दोनदा झालं तरी बिघडू नये. हजेरीच्या चौकोनात ‘हजर’ दोनदा लिहिलं तरी हजरच राहतं. पण ‘हजर दिवसांत एक मिळव’ असं सांगितलं आणि ते दोनदा झालं, तर मूल एका दिवसात दोन दिवस हजर!

दोन, रांग क्रम पाळते तो निरोप तिच्याकडे आले त्याचा, प्रत्यक्षात घडले त्याचा नव्हे. आमच्या शाळेत रेंज जाते-येते. आधीची नोंद फोनमध्ये अडकून नंतर पोहोचली, तर रांग बिचारी तिला नंतरचीच समजणार. म्हणून हजेरी भरतानाच फोन प्रत्येक नोंदीला त्या मुलाचा १, २, ३ असा क्रमांक देतो. सर्व्हिस बसमध्ये सेशनसोबत एक छोटी नोंद ठेवता येते, वहीच्या कव्हरवर ‘इथपर्यंत तपासलं’ लिहावं तशी. कामगार आधी ती पाहतो. ‘२ पाठवला’ असं लिहिलेलं असेल आणि हातात १ आला, तर तो १ पाठवत नाही. तासिकेवर आलेल्या नव्या शिक्षकालाही वही उघडताच कळतं की कुठपर्यंत आलंय. तोच निरोप दुसऱ्यांदा आला तरी बहुतेक वेळा इथेच अडवला जातो.

तीन, आपली रांग संपते तिथे मोबाइल कंपनीची रांग सुरू होते. आम्ही क्रमाने पाठवलेले एसएमएस फोनवर क्रमानेच पोहोचतील, याची हमी आमच्या हातात नाही. यावर उपाय अगदी साधा निघाला. आता मजकुरातच वेळ असते : ‘स. १०:५० ला हजर नव्हता’, ‘स. १०:५२ ला शाळेत आला’. निरोप उलटे पोहोचले तरी वाचणाऱ्याला क्रम लावता येतो. हे खरं तर पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं.

लेस्ली लॅम्पोर्ट नावाच्या संगणकशास्त्रज्ञाने १९७८ सालीच एका लेखात मांडलं होतं की वेगवेगळ्या ठिकाणी चालणाऱ्या कामांत प्रत्येक दोन घटनांना आधी-नंतर सांगता येतंच असं नाही. ज्यांचा एकमेकींवर परिणाम होऊ शकतो, त्यांचाच क्रम महत्त्वाचा. आमच्या शाळेपुरतं बोलायचं तर एका मुलाच्या नोंदींना क्रम आहे. या मुलाची नोंद आणि त्या मुलाची नोंद यांना क्रमाची गरजच नाही.

वर्गात करून पाहा

तिसरी-चौथीला भाषेत ‘घटनांचा क्रम लावा’ असा प्रश्न असतो. त्याला जोडून मी हा खेळ घेतला.

साहित्य : १५ चिठ्ठ्या, ५ पिशव्या, फळा. पाच मुलांचे क्रमांक फळ्यावर लिहा. प्रत्येकाच्या तीन चिठ्ठ्या करा : ‘घरून निघाला’, ‘वाटेत थांबला’, ‘शाळेत पोहोचला’. चार मुलं कामगार. चिठ्ठी उचलायची, फळ्यापर्यंत जायचं, त्या क्रमांकापुढे लिहून परत यायचं. एका कामगाराला लंगडी घालत जायला सांगा.

फेरी पहिली : सगळ्या चिठ्ठ्या एका रांगेत, जो मोकळा त्याने पुढची उचलायची. आमच्याकडे फळ्यावर दोन मुलं आधी ‘शाळेत पोहोचली’ आणि मग ‘घरून निघाली’. वर्ग हसून लोळला.

फेरी दुसरी : एकच कामगार. सगळं बरोबर, पण मुलं कंटाळली.

फेरी तिसरी : प्रत्येकाच्या चिठ्ठ्या त्याच्या पिशवीत. पिशवी उचलली की ती पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याने हात लावायचा नाही. सगळं बरोबर, आणि लवकरही झालं.

फेरी चौथी : एका पिशवीतली चिठ्ठी फाडून ठेवा. आता काय करायचं हे मुलांनाच ठरवू द्या. आमच्याकडे ‘थांबून मॅडमना विचारायचं’ आणि ‘सोडून पुढे जायचं’ असे दोन गट पडले आणि चांगला अर्धा तास वाद रंगला. तो वाद मोडू नका.

शेवटी मी विचारलं, काय कळलं? एक मुलगी म्हणाली, “मॅडम, सगळ्यांची एक रांग कशाला? ज्याची त्याची रांग.” मला भावाकडून समजून घ्यायला चार रात्री लागल्या होत्या.

तिच्या बोलण्याने मी माझ्या शिकवण्याकडेही पाहिलं. हातच्याची वजाबाकी येण्याआधी दशक-एकक पक्कं हवं, हा क्रम प्रत्येक मुलाच्या आत असतो, तो मोडून चालत नाही. पण सगळ्या वर्गाने एकाच दिवशी एकाच पायरीवर असावं, हा क्रम मी माझ्या सोयीसाठी लावलेला असतो. वर्गाची खूण काढून मुलाची खूण लावणं रांगेत मला लवकर जमलं. वर्गात अजून जमवते आहे.

सोय फेब्रुवारीत पुन्हा सुरू केली. सुरू करण्याआधी त्या आईला शाळेत बोलावलं, नवे एसएमएस दाखवले, झाल्या त्रासाबद्दल माफी मागितली. तिने दोन्ही निरोप सावकाश वाचले. म्हणाली, “वेळ लिहिली ते बरं केलं, मॅडम. पण पोरगं खरंच आलं नाही, तर तुमी फोनच करा.”

म्हणून पाटाच्या वाटेने येणाऱ्या सात मुलांची नावं माझ्या टेबलाच्या काचेखाली आहेत. त्यांच्यापैकी कुणी आलं नाही, तर एसएमएस जातोच, पण आधी मी फोन करते.

तुमच्या शाळेत पालकांना निरोप कसे जातात? कधी असा घोटाळा झालाय का? खेळ घेऊन पाहिलात तर मुलांची उत्तरं जरूर कळवा.